किशोरने कुठेही न नोंदवलेल्या तीन ओळी

किशोर, तू गेलास याचे दुःख आहेच. पण आज मला तुझा राग आला आहे.

आज वर्ष झाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाशिकच्या आमच्या छोट्या ऑफिसात किशोर मोबाईल ॲप लिहायचा. मी बी.कॉम. माझे काम प्रत्येक बटण दाबून तपासण्याचे.

सुरगाण्याच्या पाड्यांवरील आरोग्यसेविका बाळांच्या लसीकरणाच्या नोंदी आमच्या ॲपमध्ये करतात. वर नेटवर्क नसते. खाली नेटवर्कमध्ये येईपर्यंत नोंद फोनमध्ये जपण्याचे काम एक प्लगइन करतो; म्हणजे दुसऱ्याच कोणी लिहिलेला तयार भाग.

गेल्या महिन्यात नव्या फोनसाठी ॲपचे फ्रेमवर्क, म्हणजे मूळ सांगाडा, अपग्रेड करणे भाग पडले. सर्व प्लगइन नव्याने उतरवून घेतले. मी यादीप्रमाणे तपासले आणि सही केली.

चौथ्या दिवशी आरोग्यसेविका ताराताईंचा फोन.

"सर, वर भरलेलं खाली आल्यावर दिसतच नाय. दोन पाड्यांची पोरं यादीतून गेली ना!"

"वहीत असेल ना?"

"वही तुम्हीच बंद करायला लावली."

कारण सापडायला पाच दिवस लागले. त्या प्लगइनमध्ये मुळातच दोष होता: फोन बंद पडला की नोंद पुसली जायची. किशोरने तो दुरुस्त केला होता. पण स्वतःच्या लॅपटॉपवरील प्रतीत, परस्पर; फोनांवर जाणारे ॲप तिथूनच बनायचे.

नवी प्रत आली. दुरुस्ती गेली.

मी त्याला विचारले नव्हते असे नाही.

"किशोर, हे बदल लिहून कुठे ठेवतोस?"

"डोक्यात. अहो ऑडिटर, माझं डोकं काय अपग्रेड होणार आहे?"

आणि एका स्वल्पविरामासाठी पत्र परत पाठवणारा मी, चक्क हसलो.

किशोरच्या पत्नी सुनंदावहिनींनी त्याचा लॅपटॉप आणून दिला. "त्यांचं काही पुसलं जाईल म्हणून मी चालूच केला नाही."

दुरुस्ती त्यात होती. तीन ओळी.

फक्त तीन, किशोर!

त्या ओळी नव्या ॲपमध्ये घालून फोनांवर पाठवल्या. ताराताई पुन्हा घरोघर गेल्या. एक कुटुंब द्राक्षाच्या छाटणीसाठी दिंडोरीला गेलेले. त्या जीपने तिथवर पोहोचल्या, बाळाच्या आईला विचारून नोंद भरली. आज सकाळी.

मी फोनवर म्हणालो, "फोन बंद करून पुन्हा चालू करा."

दोन मिनिटांनी त्यांचा पुन्हा फोन आला.

"नोंद हाय सर. दिसतंय. सगळी पोरं हायेत."

मित्रा, राग अजून उतरलेला नाही. तो तसाच ठेवून, मनापासून श्रद्धांजली.