खळ लावलेला स्वेटर

ज्ञानूआबांच्या हातात लोकर दिसली नाही, तर माणूस आजारी आहे असं घोड नदीकाठच्या त्या धनगर वस्तीवर खुशाल समजावं. कातायची चाती गरगर फिरतेय, काळा धागा निघतोय आणि आबा रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून बोलतायत, हे सगळ्यांच्या सवयीचं. चाती फिरवणाऱ्या बाप्याला तिथं कोणी हसत नाही. पण यंदा एप्रिलात आबांच्या हातात विणायच्या दोन सुया आल्या आणि वस्तीवरच्या बायकांना तोंडाला पदर लावायला निमित्त मिळालं. आबांना त्याचं काही नव्हतं. त्यांना मनालीला जायचं होतं.

रांजणगावला कंपनीत असलेल्या त्यांच्या मुलानं, भारतनं, मे महिन्यात घरच्यांना मनाली दाखवायचं ठरवलं होतं. दौंडला गाडीत बसायचं ते थेट उत्तरेत उतरायचं. भर उन्हाळ्यात तिथं बर्फ असतो हे ऐकून आबा हरखले, पण खरे वेडे झाले ते सून अंकितानं मोबाइलवर दाखवलेला एक व्हिडिओ बघून. तिकडचे मेंढपाळ उन्हाळा लागला की कळप घेऊन डोंगर चढतात. रस्ता मेंढरांनी भरलेला, मागंपुढं कुत्री, आणि एका म्हाताऱ्याच्या हातात चक्क चाती. त्या म्हाताऱ्याला भेटायचंच, असं आबांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. तो कुठली भाषा बोलतो याची त्यांना फिकीर नव्हती. मेंढराच्या दुखण्याला सगळीकडं एकच भाषा, असं त्यांचं म्हणणं.

घोडं पेंड खात होतं ते बायकोपाशी. तानुबाईंनी एका वाक्यात विषय मिटवला, "म्या फिरले तेवढं लई झालं, आता मला कुटं नेऊ नका."

त्यांचं काही खोटं नव्हतं. लग्न झालं त्या सालापासून त्या कळपामागं चालल्या होत्या. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, उन्हाळा सरत आला की माघारी. घोड्यावर संसार आणि डोक्यावर आभाळ. भारत झाला तो घाटातच, अवकाळी पावसात, चार बायकांनी धरलेल्या घोंगड्याखाली. घोंगडं जुनं होतं, ते गळलं, आणि आई-लेकरू दोघंही चिंब भिजली. पुढं शेताला पाणी आलं, ऊस आला, कळप विकून पाच मेंढ्या राहिल्या. डोक्यावर पक्का पत्रा आला तेव्हा तानुबाईंनी प्रवासाशी कायमचा काडीमोड घेतला. भटकंतीचं नाव काढलं की आबांच्या डोळ्यांपुढं डोंगर यायचे आणि तानुबाईंच्या डोळ्यांपुढं न पेटणारी ओली लाकडं. आणि त्यांच्याशिवाय जायचं तर आबांना बर्फ काय, सोन्याचा डोंगरही नको होता.

मग त्यांनी युक्ती काढली. आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीचा स्वेटर विणून पुढ्यात ठेवला, की बायको मोडता घालणार नाही. अंकितानं त्यांना सुलटे आणि उलटे टाके शिकवले, आणि आबा भिडले.

नेमका तेव्हाच वळीव पिसाळला. रोज दुपार कलली की काळं भरून यायचं, वावटळ अंगणातलं पाचट घेऊन घरात शिरायची, लाइट जायची. पत्र्यावर पाऊस असा बडवायचा की बोललेलं ऐकू येत नसे. बाकीचे छप्पर उडेल म्हणून जीव मुठीत धरून बसत, आणि आबा दाराशी उजेडाला बसून मनालीला निघत. गाडी सुटली. तानू खिडकीशी. चहावाला आला, तिनं आयता कप हातात घेतला. दोन ओळी विणून होईतो डोंगर दिसायला लागले, आणखी दोन ओळींत मेंढरांचा आवाज आला. वीज कडाडली की त्यांना गाडी पुलावर आल्यागत वाटे आणि हात आणखी जोरात चालत. एकदा तर त्यांनी त्या चातीवाल्या म्हाताऱ्याला मोठ्यानं रामराम घातला. कोण आलंय, असं तानुबाईंनी चुलीपासून विचारलं. कोणी नाही, म्हणत आबांनी पुढचा टाका घातला.

निघायला आठवडा उरला असताना स्वेटर पुरा झाला. तिथं थांबले असते तर ते आबा कसले! सकाळी घरात कोणी नाही असं बघून त्यांनी भिजत घातलेले चिंचोके वाटले, शिजवून त्यांची खळ केली आणि स्वेटरला भरपूर चोपडली. नव्या घोंगड्याला खळ लावली की ते ताठ होतं आणि पाणी आत येऊ देत नाही, हे त्यांच्या सात पिढ्यांना ठाऊक. स्वेटरला लावू नये, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

कडक उन्हात तो वाळला आणि दुपारी आबांनी मोठ्या थाटात तानुबाईंपुढं आणला. जमिनीवर ठेवला तर तो आपला आपण उभा राहिला. अंकिता हसून हसून भिंतीला टेकली. तानुबाईंनी आग्रहाखातर कसंबसं डोकं घातलं, हात घातले, आणि मग हात काही खाली येईनात. बुजगावण्यासारख्या त्या दोन्ही हात पसरून उभ्या. सुट्टीवर असलेला भारत मोबाइलवर फोटो काढायला लागला. आबांचं तोंड एवढंसं झालं.

तानुबाई मात्र हसल्या नाहीत. खळ कशापायी लावली, एवढंच त्यांनी विचारलं.

आबा खाली बघत म्हणाले, "भारतच्या येळंला घोंगडं गळलं. तू भिजलीस, आन् मला काय बी करता आलं न्हाई. या खेपंला तुला भिजू द्यायची न्हवती."

भारतचा फोन खाली आला. बाहेर वारा सुटला होता आणि पत्र्यावर पहिल्या गारा वाजायला लागल्या होत्या. तानुबाईंनी सुनेच्या मदतीनं स्वेटर अंगातून ओढून काढला. चुलीजवळ जाऊन त्यांनी बादलीत कोमट पाणी घेतलं, स्वेटर त्यात बुडवला आणि खळ धुऊन काढायला लागल्या. आबांना वाटलं, संपलं. मेहनत गेली, मनालीही गेली.

स्वेटर पिळता पिळता तानुबाई म्हणाल्या, "बाह्या आखूड झाल्यात. मनगाट उघडं ऱ्हातंय. चार बोटं वाढवा, तिकडं गारठा हाय म्हनं."

स्वेटर वाळेपर्यंतही आबांना धीर निघेना. ते सुया घेऊन बसले, पण आनंदाच्या भरात सुलटा टाका कुठला आणि उलटा कुठला हेच आठवेना. गारांच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी अंकिताला हाक मारली.