चवथीत गेलेला फायटर

साखळी गावच्या दवाखान्यातून मी मोकळ्या हातांनी घरी आले, त्या पावसाळ्यात नवऱ्याने मला म्हापशाहून मासा आणून दिला. निळा फायटर, लांब पिसाऱ्याचा, काचेच्या बरणीत एकटाच. पोटातलं राहिलं नव्हतं, आता हिचं मन कशात तरी रमावं, एवढाच त्याचा हिशेब. शेजारीण बरणीत डोकावून म्हणाली, "हाचें हुमण कशें जातलें?" मीही हसले. रोज माशांचं हुमण, म्हणजे कालवण, शिजणाऱ्या घरात मासा पाळणं ही थट्टाच होती.

पण मी त्याला जीव लावला. त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं होतं काय?

श्रावण लागता लागता त्याचा पिसारा झडू लागला. दिवसभर तळाशी आडवा पडून राहायचा. गावात खाण सुरू झाल्यापासून आमच्या विहिरीचं पाणी तांबडं, आणि नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास. मी नळाचं पाणी कळशीत उघडं ठेवून वास जाऊ द्यायचे, मगच बरणीत ओतायचे. माझ्या माहेरी, पेडण्यात, मिठागरं आहेत. तिथलं खडे मीठ चिमूटभर घालायचे. बदामाचं वाळलेलं पान पाण्यात सोडावं असं ऐकलं होतं, तेही केलं. पाणी कोऱ्या चहासारखं झालं, आणि त्याच पाण्यात तो सावरत गेला. गणेशचवथीच्या सकाळी वर येऊन त्याने माझ्या बोटावरचा दाणा उचलला. बऱ्याच दिवसांनी मला मनापासून आनंद झाला.

सासूबाईंना मात्र बरणीत नासलेलं पाणीच दिसलं.

"चवथीक घरांत मरण नाका, बाय," त्या म्हणाल्या.

"आई, तो बरो जाता."

त्या दूर्वा निवडायला गेल्या. मला वाटलं, पटलं.

आमचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जनाला बायका नदीवर जात नाहीत. दारातून हात जोडायचे आणि आत वळायचं. आरती झाली, मूर्ती निघाली, मी स्वयंपाकघरात पातेली आवरायला गेले. मागच्या दारी भांडी घासायला बसले तर धोणीच्या दगडी काठावर बरणी पालथी घातलेली. स्वच्छ धुतलेली.

नवरा रिकामा पाट घेऊन परतला. पाटावर रीतीप्रमाणे नदीची मूठभर माती होती, खाणीच्या गाळाने तांबडीलाल झालेली.

"ताका खंय व्हेलो?" रिकामी बरणी दाखवून मी विचारलं.

"न्हंयेंत सोडलो. देवाबरोबर गेलो, पुण्य लागलें ताका."

सासूबाईंनी मान डोलावली. मला दोघांचाही भयंकर संताप आला. त्या लाल चिखलात तो आजारी जीव किती वेळ टिकला असेल, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मरण घरात नको होतं, एवढंच. पुण्य मागाहून चिकटवलेलं.

दुसऱ्या दिवशी सणाचं शिवराक, बिनमाशांचं जेवण संपलं म्हणून सगळ्यांना हुरूप. नवऱ्याने बांगडे आणले. मी ते कापले, धुतले, तळले. जेवताना माझं तोंड पाहून तो दुसरा मासा आणायचं कबूल करत समजुतीने म्हणाला, "म्हापश्यां गेल्यार दुसरो हाडटां."

दवाखान्यातून परतताना बसमध्ये हाच माणूस मुलाबद्दलही याच आवाजात म्हणाला होता, "दुसरें जातलें."

मी त्याच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.