चहा पिऊन उरकलेली चौकशी

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. लंडनच्या पोलीस दलात मी सत्तावीस वर्षे काढली. चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले. पण लाज वाटावी असे काम मी एका शांत गल्लीत, भर दुपारी, चहा पिता पिता केले.

नव्या शतकाची पहिली काही वर्षे होती. गल्ली अशी, की कुत्रा भुंकला तरी मालक शेजाऱ्यांची माफी मागून येई. तिथल्या एका निवृत्त शिक्षिकेने ठाण्यात फोन केला. शेजारच्या घरातल्या आजी दिवसभर जुळ्या नातवंडांना सांभाळतात, मुलगा-सून कामावर जाताना पुढचे दार बाहेरून बंद करतात, आणि मागच्या बागेत कपडे वाळत घालताना आजी रडतात. त्या घराचे आडनाव माझ्यासारखेच मराठी म्हणून सार्जंटने मला पाठवले.

अशा तक्रारीत त्या व्यक्तीशी एकटीशी, दार लावून बोलायचे, हा आमचा पहिला नियम. पण शनिवार होता, मुलगा घरीच होता. त्याने दार उघडले, माझ्या छातीवरचे नाव वाचले आणि म्हणाला, "अहो, तुम्ही तर आपलेच!" माझ्या वडिलांचे गाव त्यांच्या गावापासून दोन कोसांवर निघाले. झाले, नियम बाहेरच राहिला. चिवडा आला. चहा आजींनी स्वतः आणला. मी गणवेशातच वाकून नमस्कार केला आणि सर्वांसमक्ष विचारले, बरे चालले आहे ना?

आजींनी मुलाकडे पाहिले. "मला काय कमी आहे?" म्हणाल्या. मग हळूच विचारले, "इथून साताऱ्याला पोचायला किती वेळ लागतो हो?"

साताऱ्यात विमान उतरत नाही आजी, असे म्हणून मी हसलो. मुलगाही हसला. दाराचे विचारले तेव्हा म्हणाला, "आईला इंग्लिश येत नाही, एकदा रस्ता चुकली. सेफ्टीसाठी लॉक करतो." मला पटले. आक्षेपार्ह काही नाही, अशी नोंद केली. वर त्या शिक्षिकेला जाऊन शहाणपण शिकवले की आमच्याकडे वडीलधाऱ्यांना फार जपतात.

तीन आठवड्यांनी त्या बाई स्वतः ठाण्यात आल्या. आजींनी कुंपणावरून दिलेली चिठ्ठी त्यांना वाचता येत नव्हती. काउंटरवर उभा राहून मीच ती इंग्रजीत सांगितली: बहीण शेवटच्या घटका मोजते आहे, मला घरी जायचे आहे, पासपोर्ट मुलाकडे आहे. बाईंनी चिठ्ठीची घडी घातली आणि ती माझ्यापुढे सरकवली. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

त्याच संध्याकाळी एका महिला सहकाऱ्याला घेऊन गेलो. तिने मुलगा-सुनेला पुढच्या खोलीत थांबवले आणि मी आजींशी स्वयंपाकघरात, दार लावून बोललो. दोन महिने त्या जायचे म्हणत होत्या. जुळ्यांना पाळणाघरात जागा मिळाली की तुला पाठवू, हे मुलाचे उत्तर ठरलेले.

मुलाला पासपोर्ट कुठे म्हणून विचारले. सेफ आहे, म्हणाला. कुठे, असे तीनदा विचारल्यावर त्याचा आवाज पडला. "घरातली गोष्ट आहे हो ही. तुम्ही आपले ना?"

"म्हणूनच मागच्या वेळी चुकलो," मी म्हणालो. "पासपोर्ट आणा."

पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या बॅगेत निघाला. मुलाबरोबर रोज सकाळी रीडिंग शहराला जायचा, रोज संध्याकाळी परत यायचा. सून रडू लागली. माणसे वाईट नव्हती, अडलेली होती. आणि अडलेला माणूस आईलाही अडवतो.

आजींनी तक्रार लिहून द्यायला नकार दिला. पोटचा आहे, एवढेच म्हणाल्या. तिकीट मिळेपर्यंत त्या शिक्षिकेकडे राहिल्या. विमानतळावर मी सोडायला गेलो. गाडीत मी माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत, खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा बहीण अजून फोनवर बोलू शकत होती. गेल्या सोमवारी गेली. आता तेराव्याला पोचेन."

परका माणूस समोर असला की पोलीस सावध असतो. आपला निघाला की तो पाहुणा होतो, आणि पाहुण्याला घरातले कोणी खरे सांगत नाही. पुढे अनेक वर्षे मी नव्या भरतीला शिकवले. एकटीशी बोला, दार लावून बोला, चहा घेऊ नका, हे दर तुकडीला बजावले. असे न केल्याने काय होते, हे एखादा दरवेळी विचारायचा. मी दरवेळी सांगायचो, की एका अधिकाऱ्याच्या हातून असे घडले होते. तो अधिकारी कोण, हे आज पहिल्यांदा सांगतो आहे.