म्हाताऱ्याच्या गाडीतलं ट्रकचं इंजिन

ते इंजिन मी ओळखलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण इथे अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरी गावच्या मराठी मंडळींत कुणालाही विचाराल तर माझ्या नवऱ्याचं नाव सांगतील.

उन्हाळ्यात शनिवारी सकाळी घराजवळच्या पार्किंग लॉटमध्ये हौशी लोक जुन्या गाड्या आणून उभ्या करतात. बॉनेट उघडं टाकायचं, शेजारी घडीची खुर्ची मांडून बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायच्या. नवरा तिथे कॉफी प्यायला येतो. गाडीत वायपरचं पाणी कुठे घालायचं हेही त्याला मी दाखवते. मी मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात इंजिन टेस्टिंगला होते. मग लग्न झालं, डिपेंडंट व्हिसावर इथे आले, म्हणजे नोकरी करायची नाही. वर्क परमिट हातात पडेपर्यंत सीव्हीत एवढं भगदाड पडलं होतं की मुलाखतीला बोलवायचीही कुणाला गरज वाटेना. मला इंजिनिअर म्हणून कुणीतरी एक प्रश्न विचारावा, एवढीच माझी भूक उरली होती. हसायचं तर हसा.

त्या शनिवारी एका लाल हॉट रॉडभोवती घोळका जमला होता. जुन्या गाडीचं धूड कापून-छाटून खाली बसवलेलं, आणि आत एक लांबलचक इंजिन, सहाच्या सहा सिलिंडर एका रांगेत. मालक म्हातारा, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेला. गाडी त्याच्या भावाने बांधली होती आणि भाऊ आता नव्हता. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, त्याच्याखालची गॅस्केट उडाली होती. म्हाताऱ्याने दोनदा नवी मागवली, दोन्ही वेळा भोकं जुळली नाहीत. इंजिन कुठलं तेच कळेना, कारण भावाने दिसायला छान म्हणून ब्लॉकवरचा नंबर घासून गुळगुळीत केला होता. लोक एकेका मोटारीचं नाव घेत होते. सगळी चूक.

मला बघताक्षणी कळलं. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मिलिटरीच्या भंगारातून आणलेलं एक अमेरिकन ट्रकचं इंजिन होतं. दर बॅचने ते सगळं खोलायचं आणि परत जोडायचं. चालू झालेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण त्याचं पोट आम्हाला पाठ होतं. इथेही तेच. ब्लॉक इतका लांब की रेडिएटर पुढे सरकवावा लागलेला. शिवाय बाजूला पितळी बूच मारलेलं एक भोक होतं. ट्रकला हवेचे ब्रेक असतात, त्यांच्या कॉम्प्रेसरला तिथून तेल जातं. मोटारीला ते कशाला लागतंय?

मी नवऱ्याला मराठीत म्हणाले, "अरे, हे ट्रकचं आहे. ते बूच बघ." बाहेर आपसात मराठीतच बोलायची सवय. त्याने मान डोलावली आणि दोन पावलं पुढे होऊन सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. कॉम्प्रेसर, तेल, बूच, सगळं. "माझी बायको म्हणते" एवढे तीन शब्द तेवढे गाळले.

म्हाताऱ्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. कुठे शिकलास, म्हणाला. नवरा म्हणाला, इंडियात आम्हा सगळ्यांनाच थोडंफार येतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी कॉफीचा रिकामा कप धरून उभी राहिले.

घरी भांडले. तो म्हणाला, "यार, एवढं काय त्यात? आपल्यात काय तुझं-माझं?" म्हाताऱ्याने ट्रकची गॅस्केट मागवली, तिची भोकं बरोबर जुळली. मग म्हाताऱ्याने त्याला गॅरेजवर मदतीला बोलावलं आणि हा खरंच गेला. जुना टी-शर्ट घालून, ऐटीत. तिथून फोन. "अगं, वॉटर पंप आधी काढायचा का?" मी पोळ्या लाटता लाटता सांगायचे, तो इंग्रजीत म्हाताऱ्याला सांगायचा. सांगायचे, कारण कुणीतरी विचारत होतं. माझी लाज मलाच वाटायची, तरी फोनची वाट बघायचे.

एकदा त्याचे हात तेलाने माखलेले होते म्हणून फोन स्पीकरवर होता. मी व्हॉल्व्हमधली फट किती ठेवायची ते सांगत होते. मागून म्हाताऱ्याने विचारलं, कोण आहे? नवरा त्याला इंग्रजीत म्हणाला, "बायको. जेवायला कधी येताय विचारतेय."

मला सगळं स्वच्छ ऐकू आलं. मी उरलेलं वाक्य पूर्ण केलं आणि फोन ठेवला. रडू आलं नाही.

पुढच्या शनिवारी हेड बसवायचं होतं. फोन आला, स्पीकरवरच. "अगं ऐक, बोल्ट कुठल्या टोकाकडून आवळायला घेऊ?" टोकाकडून नाहीच. मधून सुरुवात करायची आणि बाहेर जायचं, नाहीतर हेड वाकतं. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात.

मी म्हाताऱ्यालाही कळेल असं इंग्रजीत म्हणाले, "जेवायला कधी येताय?"

"अगं, बोल्ट..."

"जेवायला कधी येताय?"

मागून म्हातारा हसत काहीतरी म्हणाला, बहुतेक जा बाबा घरी, असं. नवऱ्याला त्याच्यासमोर इंग्रजीत उत्तर द्यावं लागलं की तासाभरात येतो.

आला. काळ्या हातांनीच टेबलाशी बसला. हेड तसंच पडलंय म्हणाला, म्हातारा त्यालाच विचारत होता की तुला एकदम काय झालं. "तू असं का केलंस?"

मी त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं. म्हटलं, "मी तुला फोनवर काय विचारते, ते तूच त्याला सांगितलंयस. मी तेवढंच विचारलं."