जाहिरातीला जाहिरात म्हणणाऱ्या कुंदाबाय

नवा गेम हातात आला की कुंदाबाय आधी मुद्दाम हरायच्या. चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल नाकाशी धरून त्या आपली गाडी कठड्यावर नेऊन आपटत, नाहीतर नायकाला उभ्या उभ्या शत्रूच्या तोंडी देत. गोव्यातल्या साखळी गावातल्या आमच्या छोट्या कचेरीत मी नवा होतो. मला वाटलं, बाईंना खेळता येत नाही. त्या वर न बघताच म्हणाल्या, "जिंकणाऱ्याक सगळेच गेम बरे वाटतत रे. हरणाऱ्याक कसो वागवता, तां बघूक व्हया."

व्हिडिओ गेमवरची आमची मराठी वेबसाइट होती. मालक रोहिदासबाब, संपादक कुंदाबाय आणि लिहिणारा मी. त्यांचं अर्धं आयुष्य एका दैनिकात मुद्रितं तपासण्यात गेलं होतं. भाच्यांबरोबर खेळता खेळता हा नाद लागला. पेडण्याहून निघून म्हापशाला बस बदलून यायच्या, वाटभर खेळत. कंडक्टर तिकिटाआधी विचारायचा, "बाय, खंयच्या लेव्हलार पावलात?"

माझ्या पहिल्याच परीक्षणात मी 'अप्रतिम' असं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, "शेवटपर्यंत खेळलंस?"

"जवळजवळ."

"मग परीक्षण पण जवळजवळच छापूया."

मी मुकाट्याने परत खेळायला बसलो.

मग डिचोलीच्या काही मुलांनी खाडीतल्या होडीवाल्याचा एक गेम केला. आपल्या गावच्या पोरांचा गेम म्हणून सगळीकडे कौतुक चाललं होतं. तो बाजारात आणणाऱ्या बाहेरच्या कंपनीने आम्हाला मोरजीच्या एका हॉटेलात जेवायला बोलावलं आणि निघताना भारी हेडफोन दिले. कुंदाबायनी आपले तिथेच टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी कंपनीने तयार लेखच पाठवला. कुंदाबायनी तो साइटवर लावला, पण वर ठळक अक्षरांत 'जाहिरात' लिहून.

कंपनीचा फोन आला आणि रोहिदासबाब कुंदाबायच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "कुंदाबाय, तो एक शब्द काढला तर आभाळ कोसळणार आहे?"

"कोसळूचा नाय." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पण उद्या ह्या नितीनने खरीच स्तुती केली, तर ती कोणाक खरी वाटतली? जाहिरात वाईट नाय. ती लेखाचे कपडे घालून येता, तां वाईट."

शब्द राहिला. शिवाय कुंदाबायचं स्वतःचं परीक्षणही आलं. होडी बुडाली की तोवरचा सगळा प्रवास पुसला जायचा, पुन्हा पहिल्या धक्क्यापासून सुरुवात. चित्रं सुंदर आहेत, पाण्याचा आवाज ऐकत राहावा असा आहे, पण हा गेम आज घेऊ नका, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं.

कंपनीने जाहिराती थांबवल्या. साखळीच्या बाजारात कुंदाबायना, हा गेम करणाऱ्या पोरांपैकी तुषारची आई भेटली. "आमच्या पोरांनी रात्रंदिवस मेहनत घेतली, आणि तुम्ही असं लिहिलंत?" कुंदाबाय भाजीची पिशवी धरून ऐकत राहिल्या. "खरां होता तां लिवलंय," एवढंच म्हणाल्या. कचेरीत येऊन त्यांनी पातळ भाजीत उंडो पाव बुडवला आणि तसाच ठेवून दिला.

पुढच्या पावसाळ्याआत वेबसाइट बंद पडली. मी पणजीला दुसरी नोकरी धरली. कुंदाबाय पेडण्यालाच राहिल्या. छातीच्या दुखण्याने त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मी भेटायला गेलो. उशीला टेकून त्या खेळत होत्या. मोबाइलवर तीच खाडी.

"सुधारलो रे गेम ह्या पोरांनी," त्या म्हणाल्या. "आता बुडलास तरी वाट ऱ्हवता. लिही."

"कुठे लिहू, कुंदाबाय? आपली साइट कुठे आहे आता?"

"मग त्या पोराक फोन लाव."

मी नंबर मिळवून तुषारला फोन लावला, कोणाला बोलायचंय ते सांगितलं. तो हळूच म्हणाला, "त्यांनी परत खेळून बघितला?"

मी फोन त्यांच्या कानाशी धरला. आवाज बारीक झाला होता, मध्ये मध्ये दम लागत होता.

"बरो झालो हा तुमचो गेम," त्या म्हणाल्या. "मनापासून सांगतंय. पण आयक, ओहोटीक होडी इतकी धावता कशी रे? माझ्या बापाशीची होडी होती. तां जरा बघ."

"थांबा, पेन शोधतो," पलीकडून ऐकू आलं.