एझेलची साफसफाई

कोलंबिया शहरातल्या विधानभवनासमोरची हिरवळ एझेल बायनमनं एकतीस वर्षं राखली. तिथं पुतळे बरेच, आणि कबुतरांना इतिहासाची काडीची पर्वा नाही, त्यामुळे कामाला तोटा नसायचा. गव्हर्नर आले, गेले. एझेलच्या गवतावर वाळकं पान कुणाला दिसलं नाही. निवृत्त होऊन तो पंचवीस मैलांवरच्या गावी परतला, तेव्हा चर्चनं कब्रस्तान त्याच्या हवाली केलं.

"सरकारी माणूस आहे," लोक म्हणाले, "आता आपले मेलेलेसुद्धा रांगेत झोपतील."

गावची जुनी रीत अशी, की मरणारा शेवटचं पाणी ज्यातून प्याला ते भांडं त्याच्या थडग्यावर ठेवायचं, तेही फोडून; म्हणजे घरातलं आणखी कुणी त्याच्या मागे निघत नाही. नाव कोरलेला दगड फार थोड्यांच्या नशिबी. बाकीच्यांची ओळख म्हणजे ती कपबशी, तो वाडगा. एझेल सात वर्षांचा असताना आईनं बापाचा कॉफीचा कप त्याच्याच हातून फोडवून घेतला होता. त्यामुळे ही रीत मला ठाऊक नव्हती, असं म्हणायची त्याला सोय नव्हती.

ऑगस्टमध्ये होमकमिंगचा रविवार येतो. ते चर्चचं माहेरपणच. डेट्रॉइट-फिलाडेल्फियाला गेलेली माणसं त्या दिवशी जेवायला परततात. यंदा एझेलनं आपल्या जुन्या साहेबांना, मिस्टर हॅलोवेलना, बोलावलं. शनिवारी त्यानं कब्रस्तानाकडे एकदा साहेबांच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याला तिथं फुटक्या भांड्यांचा उकिरडा दिसला. लाज वाटली. दोन तासांत सगळं पिकअपमध्ये, आणि पिकअप कचरा डेपोवर. बापाचा कप तेवढा त्यानं फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवला.

रविवारी मिस व्हर्डेल काठी टेकत कब्रस्तानात गेल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. वय अठ्ठ्याऐंशी, नजर गेलेली. त्यांची बहीण ओपल एकोणिसाव्या वर्षी गेली, तिच्या डोक्याशी निळ्या काठाचा, कान तुटलेला पाण्याचा जग होता. त्या परत आल्या त्या सरळ जेवणाच्या टेबलांपाशी.

"ओपलचा जग कुठंय?"

"बाहेरची पोरं आली असतील," पास्टर म्हणाले.

मांसाचा हॅश कालवलेल्या भाताचा चमचा एझेलच्या तोंडापाशी थांबला. "असतील," तो म्हणाला.

"हल्लीच्या पोरांना धरबंधच नाही," कुणी तरी म्हणालं. एझेलनं त्यालाही मान डोलावली.

तेवढ्यात मिस्टर हॅलोवेल फेरफटका मारून आले. "वा, एझेल. अगदी आपल्या लॉनसारखं केलंस की रे."

मिस व्हर्डेलनी एझेल बसला होता तिकडे तोंड वळवलं. "बायनम, तुझ्या बापाचा कप कुठंय?"

एझेल उठला. पिकअपपाशी गेला, गाठोडं घेऊन आला आणि टेबलावर, मक्याच्या पावाशेजारी, सोडलं. माणसं पुन्हा आपापल्या ताटावर वाकली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला जेवण तरी गेलं असतं.

सोमवारी पहाटेच तो डेपोवर गेला. सगळ्यावरून बुलडोझर फिरला होता. मग त्यानं मिस व्हर्डेलना कब्रस्तानात नेलं. भांड्यांखाली गवत उगवलं नव्हतं, तिथं मातीचे गोल डाग उरले होते. ओपलच्या रांगेत आठ. साफसफाई इतकी चोख, की आठही सारखेच.

"ह्यातली ओपल कुठली?"

"सांगता येत नाही, मिस व्हर्डेल."

"माझी नजर गेली म्हणून मी तो जग हातानं चाचपत यायची रे." त्यांनी काठी डाव्या हातात घेतली. "चल, मग सगळ्यांनाच भेटू. दर रविवारी. हात धर माझा."

तेव्हापासून प्रार्थना संपली की सगळ्या गावादेखत ती जोडी निघते. मिस व्हर्डेल प्रत्येक डागापाशी थांबतात, काठी टेकतात आणि सांगतात, "ओपल, तू असलीस तर ऐक. हा एझेल बायनम. तुझा जग ह्यानं टाकला."

"होय, मॅडम," एझेल टोपी छातीशी धरून म्हणतो. आठही वेळा.

परतीच्या वाटेवर बापाचं थडगं लागतं. कप पुन्हा जागेवर आहे. तिथून जाताना एझेल दुसरीकडे बघतो.