चार जागांचा कॉम्प्युटर

काही काम असल्याशिवाय कोणाच्या घराची बेल वाजवायची नसते, हा नियम जन्मभर पाळलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो नशिबाने माझा साडू निघाला. लोक लग्नाला आहेर घेऊन जातात. साडू पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन जायचे, कारण मांडवात काहीतरी सैल असणारच. आमच्या विरारच्या जागेची वास्तुशांत होती, तेव्हा गुरुजी होमापाशी आणि साडू जिन्यात स्टुलावर चढून बंद पडलेला दिवा बदलताहेत, असा देखावा होता. मला कावीळ झाली तेव्हा भेटायला आले, उशाशी बसले, वर बघून म्हणाले, "पंखा आवाज करतोय," आणि पंखा उतरवून, तेल घालून, पुन्हा चढवून गेले. माझ्या तब्येतीची चौकशी अक्काने केली. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची बायको. ती बोलायची आणि हे दुरुस्त करायचे, अशी त्या घरात कामाची सरळ वाटणी होती. वालीवला एका प्लास्टिकच्या कारखान्यात साडू स्टोअरकीपर होते. मागणीची चिठ्ठी आल्याशिवाय खिळासुद्धा हलवायचा नाही, ही तिथली शिस्त त्यांनी बहुतेक माणसांनाही लावली होती.

मग अक्का गेली. दुखणं लांबलं नाही, सावरायला कोणाला वेळच मिळाला नाही. साडू हे नातं मुळात दोन बहिणींनी धरलेल्या दोरीवर वाळत घातलेलं असतं. एकीने टोक सोडलं की ते जमिनीवर यायला कितीसा वेळ लागणार. त्यांना मूलबाळ नव्हतं. वसईच्या दोन खोल्यांत एकटा माणूस, आणि त्याचा नियम असा. तेराव्याहून परत येताना माझी बायको म्हणाली, "आता भावोजी आपल्याकडे कशाला येतील?" इतर कोणी हे म्हटलं असतं तर तो नुसता उसासा झाला असता. साडूंच्या बाबतीत हा अगदी शब्दशः प्रश्न होता. कशाला येतील? कारण काय?

कारण आमच्या मुलीने पुरवलं. शाळेत सगळ्यांकडे आहे म्हणून तिने हट्ट धरला आणि आम्ही कॉम्प्युटर घेतला. साडूंनी वसईत हे ऐकलं आणि पुढच्याच रविवारी स्कूटरवरून हजर झाले. त्यांनी स्वतः वर्षभर आधी एक घेतला होता, दुकानदाराचं डोकं खाऊन तो उघडायलाही शिकले होते. आमचं यंत्र चालू आहे, उत्तम चालू आहे, असं मी सांगत असतानाच त्यांनी त्याची एक बाजू उघडली, आत डोकावले आणि तोंडभर हसून म्हणाले, "तीन जागा आहेत की अजून."

कॉम्प्युटरच्या पोटात, हे मला साडूंकडूनच कळलं, दोन चपट्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीवर दोघांची सोय असते. एकूण जागा चार. तिथे हार्ड डिस्क बसवा नाहीतर सीडी ड्राइव्ह. पाचव्याला जागा नाही. आमच्याकडे एकटी हार्ड डिस्कच होती. एका पट्टीवर दोघे आले की त्यांतला मोठा कोण हे आधी ठरवावं लागतं, आणि त्यासाठी प्रत्येकाच्या पाठीवर तुरीच्या डाळीएवढी प्लास्टिकची टोपी असते, जंपर म्हणतात तिला. ती या काट्यांवरून काढून त्या काट्यांवर घालायची. इंग्रजीत त्या दोघांना मालक आणि गुलाम म्हणतात. साडूंना ते पटलं नाही. "घरात कोणी गुलाम नसतो," असं म्हणून ते एकाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा म्हणायचे. "आणि दोघांनाही थोरलं केलंत, तर मग दोघेही दिसत नाहीत," असं माझ्याकडे बघून सांगायचे. सासुरवाडीला आम्ही दोनच जावई. तिथे मानाचा पाट नेहमी त्यांचा असे आणि माझी त्याबद्दल तक्रारही नव्हती, पण त्या दिवसापासून मला उगाचच माझ्या पाठीवरून हात फिरवून बघावासा वाटे.

अशा रीतीने रविवार सुरू झाले. सीडी ड्राइव्ह आली. मग दुसरी हार्ड डिस्क आली. डिस्क ते टर्किश टॉवेलात गुंडाळून, पायांमध्ये पिशवी धरून, वसईहून विरारपर्यंत इतक्या हळू आणायचे की वाटेत सायकलवाले पुढे जायचे. "आतली चकती नाजूक असते. खड्डा सोसत नाही," असं ते सांगत. आमच्या भागात खड्डे चुकवून स्कूटर चालवायची म्हणजे रस्ताच चुकवून चालवायची. एकदा डिस्क बसवताना जंपर हातातून निसटला आणि चिवड्याच्या बशीत पडला. साडूंनी तिथल्या तिथे सर्वांचे हात थांबवले. मग वर्तमानपत्र पसरून त्यांनी चिवडा ओतला, शेंगदाणे, डाळं, खोबरं वेगवेगळं लावलं, अगदी माल मोजून घेतल्यासारखं. जंपर डाळ्यांत सापडला. तो पुसून जागेवर बसल्यावरच आम्हाला खायची परवानगी मिळाली.

दुसरी डिस्क आल्यावर भलताच घोळ झाला. कॉम्प्युटर आतल्या प्रत्येकाला इंग्रजी अक्षर देतो. आमची सीडी आजवर 'डी' होती. नवी डिस्क आली आणि 'डी' अक्षर तिने घेतलं, सीडी सरकून 'ई' झाली. मुलीचा प्राण्यांचा खेळ सीडीला जुन्याच पत्त्यावर शोधत बसला आणि 'सीडी घाला' म्हणून हटून बसला. सीडी आतच होती. "नवा आला की जुन्याला सरकावं लागतं," साडू म्हणाले, "आणि जुन्याची माणसं त्याला जुन्याच जागी शोधत राहतात." एवढं बोलून ते पडद्याकडे बघत राहिले आणि चहा निवला. माझ्या बायकोने चहा पुन्हा गरम करून आणला. पुढचे दोन-तीन रविवार त्या एका अक्षरात गेले. शेवटी त्यांनी सीडीला एकदम 'झेड' देऊन टाकलं. आता मध्ये कितीही आले तरी हिला कोणी उठवणार नाही, असं म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

चौथी जागा सीडी लिहायच्या यंत्राने भरली. सीडी लिहिताना घरात आरतीच्या वेळची शांतता पाळावी लागे. कोणी चालायचं नाही, फ्रिज उघडायचा नाही, शिंक आलीच तर गॅलरीत. तरी सीडी बिघडायचीच, कारण वाचणारी आणि लिहिणारी एकाच पट्टीवर होत्या आणि एकीचं दुसरीला ऐकू जात नव्हतं, असं साडूंचं निदान होतं. मग कोणाला कोणाशेजारी बसवायचं याची बोलणी व्हायची, ती एखाद्या लग्नातल्या पंगतीलाही होत नसतील. बिघडलेल्या सीड्या बायकोने गॅलरीत टांगल्या. कबुतरं त्यांच्यावर झोके घ्यायला लागली.

एवढं सगळं कशासाठी, हे कोणी विचारू नये. आमच्याकडे ठेवायला होतं काय? मुलीने काढलेलं एक घर आणि दोन नारळाची झाडं, सोसायटीची चार पत्रं. बाकी सगळ्या डिस्का विरारच्या नव्या इमारतींसारख्या होत्या, बांधून तयार आणि राहायला कोणी नाही. मी एकदा तसं बोललो. "जागा असावी," साडू म्हणाले. "लागते कधीतरी." हे निमित्त आहे हे मला आणि बायकोला कळत होतं. त्यांना कळत होतं की नाही, देव जाणे. इतक्या रविवारांत अक्काचं नाव मात्र त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. वीज गेली तर कॉम्प्युटर बंद असतानाच जोडणी करायची असते, असं म्हणून ते खिडकीपाशी उजेडात काम करायचे. माझी बायको शेजारी बसून बहिणीचा विषय काढायची आणि ते म्हणायचे, "जरा तो स्क्रू द्या."

चारही जागा भरल्या त्या दिवशी साडूंचा चेहरा बघवत नव्हता. ते उघड्या कॉम्प्युटरसमोर बराच वेळ बसून राहिले, मग निघताना म्हणाले, "झालं तर आता." बायको माझ्याकडे बघायला लागली. पण साडू हार मानणारे नव्हते. दोन आठवड्यांनी ते एक कार्ड घेऊन आले. ते लावलं की आणखी चार जागा होतात. कॉम्प्युटरच्या डब्यात एवढ्या मावेनात, तेव्हा डिस्का बाहेर टेबलावर ओळीने आल्या, अर्नाळ्याला बोंबील वाळत घालतात तशा. त्या सर्वांना वीज पुरेना म्हणून वीज पुरवणारा मोठा डबा आला. कॉम्प्युटर सुरू केला की आमच्या हॉलमध्ये विमान उतरल्यासारखा आवाज व्हायचा आणि त्या आवाजात साडू समाधानाने चहा प्यायचे.

एका दुपारी गेलेली वीज अशी काही परत आली की सगळ्याचा एकदम धूर झाला. दुरुस्तीवाल्याने आत बघितलं, बाहेरची ओळ बघितली आणि कानाला हात लावला. मुलगी तोवर कॉलेजात गेली होती. आम्ही लॅपटॉप घेतला. रविवारी साडू आले तेव्हा टॉवेलात डीव्हीडीची ड्राइव्ह होती. त्यांनी लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, खालचे बारीक स्क्रू बोटाने चाचपले.

"यात सगळं आतच असतं?"

"हो," मुलगी म्हणाली. "काहीच लावावं लागत नाही, काका."

"मग बरंय," म्हणाले. चहा घेतला, टॉवेल तसाच उचलला आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. बायकोने फोन केला तर म्हणाले, "काही काम निघालं तर कळवा." फोन ठेवून ती म्हणाली, "काम निघायची वाट बघत बसायचं का आपण?" आणि आम्ही न कळवता वसईला गेलो.

खाली तळमजल्यावरची म्हातारी पायरीवर पापडीच्या शेंगा निवडत बसली होती. "कोन पायजे?" म्हणाली, आणि नाव सांगितल्यावर, "हाय की वर. रविवारची गाडी काढत नाय हल्ली." साडूंनी दार उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय झालं?"

"काही नाही, भावोजी. सहज आलो."

"सहज," ते म्हणाले, आणि आम्हाला बसायला सांगून स्वतः उभेच राहिले. घर लख्ख होतं. त्यांचा कॉम्प्युटर कोपऱ्यात झाकून ठेवलेला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तुमच्या यात किती डिस्का आहेत? मला वाटलं होतं, निदान आठ असतील. "एक," साडू म्हणाले. "मला एकट्याला किती लागणार?"  त्यांनी चहा केला, बशीत सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, ठेवली, आणि आम्ही तिघं भिंतीवरचं घड्याळ बघत बसलो. त्यांचे हात मांडीवर असे पडले होते, जणू कोणाचे तरी सांभाळायला घेतलेत. अर्ध्या तासात आम्ही उठलो, तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं. मला तर वाटलंच. रिक्षात बायको रडली. मला वाटलं, संपलं हे नातं आता, दिवाळीला फोन करण्यापुरतं उरलं.

पण ती अक्काची बहीण. पुढच्या शनिवारी तिने वसईला फोन लावला. "भावोजी, वाल मोड यायला बांधून ठेवलेत, अंदाज चुकला, फार झाले. आणि माझं बोट कापलंय. उद्या सोलायला येता का?" तिचं बोट धडधाकट होतं.

साडू नऊलाच आले. परात पुढ्यात ओढली आणि कामाला लागले. चिमटीत वाल दाबायचा, साल मागे, आतली डाळिंबी पुढे. अख्ख्या एकीकडे, मोडलेल्या दुसरीकडे, मोड न आलेले तिसरीकडे. बायकोही समोर बसून सोलू लागली. कापलेल्या बोटाची आठवण दोघांनाही राहिली नाही. परातीतला ढीग निम्मा झाला. मग साडू परातीकडे बघतच म्हणाले, "हिला वाल सोलायचा भारी कंटाळा."

बायकोचा हात थांबला. "अक्काला? अहो, पण तिचं बिरडं..."

"फोडणी तिची. सोलायचो मी. ती समोर बसून बोलायची."

"काय बोलायची?"

"सगळंच. तुमचं, शेजारचं, माहेरचं. मी सोलत ऐकायचो. हात रिकामे असले की मला माणसापाशी बसता येत नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून मुद्दाम जास्त भिजवायची." त्यांनी आणखी दोन-चार वाल सोलले. "आता घरात कोणी बोलत नाही. रेडिओ लावून बघितला. रेडिओसमोर वाल सोलवत नाहीत."

अक्काचं बिरडं, म्हणजे सोललेल्या वालांची उसळ, आमच्या सगळ्या गोतावळ्यात नावाजलेलं. माझी बायको ते तिच्याकडून शिकली होती, खोबरं किती, गूळ किती, सगळं विचारून. त्यात हा माणूस होता हे अक्काने तिला कधी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी साडू बोलत राहिले, कितीतरी वर्षांचं, थांबत थांबत, आणि मी आतल्या खोलीत पेपर तोंडापुढे धरून ऐकत राहिलो.

आता दर रविवारी आमच्याकडे बिरडं असतं. माझ्या पोटाला वाल अजिबात सोसत नाहीत, पण हे घरात कोणाला बोलायची सोय नाही. संध्याकाळी बायको एका डब्यात त्यांच्या रात्रीच्या जेवणापुरतं बिरडं भरून देते. त्या पहिल्या दिवशीही तिने दिलं. साडूंनी चपला घातल्या, डबा घेतला, दोन पायऱ्या उतरून गेले आणि तिथेच थांबले.

"पुढच्या वेळी थोडे जास्त भिजवा," ते म्हणाले. "लवकर संपले."